आपल्याच बागेत येणाऱ्या टोळीचा अभ्यास करता येईल का? सामाजिक मानवशास्त्रात एम.ए. करू पाहणाऱ्याला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. पिंपळगाव बसवंतजवळच्या एका द्राक्ष बागायतदाराचा मुलगा, वय २५. बी.एस्सी. ॲग्री केलंय आणि दोन वर्षं नाशिकला शेती औषधांच्या कंपनीत नोकरी करतोय. त्यांच्या बागेत दरवर्षी पेठ-सुरगाण्याकडून मजुरांची टोळी येते. लहानपणापासून तो ही माणसं बघतोय आणि आता त्यांच्या आयुष्याचा नीट अभ्यास करावा, त्यासाठी सामाजिक मानवशास्त्रात, म्हणजे लोकांमध्ये राहून त्यांच्या समाजाचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रात, एम.ए. करावं असं त्याच्या मनात आहे. त्याच्या शंका चार: कृषीतून आल्यावर थिअरी झेपेल का, प्रवेश कुठे घ्यावा, प्रबंधासाठी आपल्याच बागेतली टोळी घेतली तर चालेल का, आणि वडील विचारतात त्याप्रमाणे, पुढे पोटापाण्याचं काय.

मी याच विषयात एम.ए. केलं आणि गेली पंचवीस वर्षं नाशिक जिल्ह्यातल्या आदिवासी तालुक्यांत आरोग्य आणि स्थलांतर या विषयांवर क्षेत्रकार्य करते आहे. अधूनमधून विद्यार्थ्यांच्या प्रबंधांनाही मार्गदर्शन करते. त्या अनुभवावरून सांगते. चार शंकांपैकी तुमची तिसरी शंका खरी मोठी आहे. बाकीच्या तिन्हींची उत्तरं माहितीची आहेत आणि ती कुठेही मिळतील. तिसरीचं उत्तर तुम्हाला स्वतःला शोधावं लागेल आणि खरं तर ते शोधणं हाच अभ्यासक्रमाचा गाभा आहे. म्हणून सोपं आधी उरकते.

थिअरी झेपते. पहिल्या वर्षी नातेव्यवस्था, धर्म, अर्थव्यवहार, सत्ता, भारतीय मानवशास्त्राचा इतिहास आणि संशोधनपद्धती हे विषय साधारण सगळीकडे असतात. कृषी, इंजिनिअरिंग, नर्सिंग अशा शाखांतून आलेली मुलं मी बघितली आहेत. त्यांची अडचण होते ती वाचनाची. पन्नास पानांचा इंग्रजी लेख, त्यात एकही आकृती नाही, आणि शेवटी ठाम निष्कर्षही नाही! पहिले तीन महिने डोकं दुखतं. मग वाक्यामागचा वाद दिसू लागतो, हा लेखक कुणाला उत्तर देतोय ते कळतं, आणि वाचन सुटसुटीत होतं. एक सवय आतापासून लावा. जे वाचाल ते त्याच संध्याकाळी दहा ओळींत मराठीत लिहून काढा. मराठीत लिहिता आलं नाही तर समजलेलं नाही, असं खुशाल धरा.

नातेव्यवस्था हा विषय मुलांना सगळ्यात रुक्ष वाटतो, आणि मला वाटतं तिथेच या शास्त्राची ताकद सगळ्यात लवकर कळते. तुमच्या आजीला विचारा, लग्न होऊन आली तेव्हा ती सासूला काय म्हणायची आणि सासऱ्यांना काय म्हणायची. आपल्याकडच्या जुन्या पिढीत उत्तर येतं, आत्याबाई आणि मामंजी. आता विचार करा, परक्या घरातून आलेल्या मुलीने सासूला आत्या का म्हणावं? मुलाने मामाची मुलगी केली तर त्या मुलीच्या बाजूने सासू ही सख्खी आत्याच असते, आणि आत्याचे यजमान म्हणून सासरे मामा. आपल्याकडे पुष्कळ जातींत ही पसंतीची सोयरीक होती. आज मामाच्या मुलीशी लग्न झालेलं नसलं तरी हाक तशीच राहिली आहे. मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी १९५३ साली भारतातल्या नातेव्यवस्थेवर ग्रंथ लिहिला, त्यात महाराष्ट्र उत्तर आणि दक्षिण यांच्या मधल्या पट्ट्यात येतो. उत्तरेत बहुतेक ठिकाणी मामाच्या मुलीशी लग्न निषिद्ध, दक्षिणेत अशी जवळच्या नात्यातली लग्नं सर्रास, आणि आपल्याकडे मामाची मुलगी चालते पण आत्याची सहसा करत नाहीत. रोज कानावर पडणाऱ्या दोन हाकांमागे एवढा नकाशा उभा आहे. हे वाचून तुम्हाला आजीकडे जाऊन बसावंसं वाटलं, तर थिअरीची काळजी सोडा.

प्रवेशाचं बरंचसं तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे. नोकरी सोडता येणार असेल तर आपल्याला जवळचा मानवशास्त्र विभाग म्हणजे पुण्याचा, सावित्रीबाई फुले विद्यापीठातला. भारतातल्या अशा विभागांत सामाजिक मानवशास्त्राबरोबर शारीरिक मानवशास्त्र आणि प्रागैतिहासिक पुरातत्त्व यांचाही काही भाग शिकावा लागतो. ब्रिटनमध्ये सामाजिक मानवशास्त्र स्वतंत्र उभं आहे, तसं आपल्याकडे क्वचित. त्याची धास्ती घेऊ नका, कृषीवाल्याला आनुवंशिकी नवी नसते. हैदराबाद आणि दिल्लीचे विभागही चांगले आहेत, तिथे केंद्रीय विद्यापीठांच्या सामाईक प्रवेश परीक्षेतून जावं लागतं. नोकरी सोडणं शक्यच नसेल तर इग्नूचा मानवशास्त्राचा दूरस्थ एम.ए. आहे. त्यात वाचन होतं, पण चुका दाखवणारं माणूस शेजारी नसतं. क्षेत्रकार्यात ते माणूस फार लागतं, म्हणून दूरस्थ मार्ग घेतलात तर स्वतःहून कुणीतरी जाणता धरून ठेवा. समाजशास्त्राचा एम.ए. हाही पर्याय आहेच. महाराष्ट्रात या दोन विषयांमधली भिंत कधीच पक्की नव्हती. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र उभं करणारे गो. स. घुर्ये केंब्रिजला मानवशास्त्रज्ञांकडे शिकले होते, आणि आपल्या भागातल्या महादेव कोळ्यांवर त्यांनी स्वतंत्र पुस्तक लिहिलं.

आता तुमची बाग.

तुम्ही लिहिलंय, "ही माणसं आम्हाला घरच्यासारखी आहेत, मला सगळं मोकळेपणाने सांगतील." या वाक्यापाशी मी थांबले. तुमचा हेतू प्रामाणिक आहे यात शंका नाही. पण त्या टोळीच्या बाजूने बघा. दिवाळीच्या आगेमागे भात-नागली काढून झाली की घरात पैसा नसतो. मुकादम उचल देतो, ती उचल पुष्कळदा तुमच्या वडिलांसारख्या बागायतदाराकडून आलेली असते. राहायची खोली तुमची, पाण्याची टाकी तुमची, लाकूडफाटा तुमच्या बांधावरचा. शिमग्याला गावी जाताना हिशोब तुमच्या ओसरीवर होतो. अशा घरचा मुलगा वही घेऊन समोर बसला आणि म्हणाला, "ताई, तुमच्याशी बोलू का?" तर ती बाई "हो दादा" म्हणेल. या होकाराला संमती म्हणायचं का? नाही म्हणायची सोय जिथे नाही, तिथे होकाराला वजन नसतं. आणि ज्या गोष्टी खऱ्या महत्त्वाच्या, म्हणजे उचल किती फिटली, फवारणीनंतर कुणाला चक्कर आली, कोणत्या मळ्यावर पोरींना त्रास झाला, त्या ती तुम्हाला सांगणार नाही. सांगितल्या तर त्याची झळ तिला लागेल, तुम्हाला नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की प्रबंधासाठी स्वतःच्या बागेतली टोळी घेऊ नका.

पण याचा अर्थ विषय सोडा असा घेऊ नका. तुम्ही जिथे उभे आहात तिथून जे दिसतं, ते मला पंचवीस वर्षांत दिसलेलं नाही. मी पाड्यांवर राहिले, मळ्यांवर पाहुणी म्हणून गेले. बागायतदाराच्या घरात रात्री जेवताना टोळीबद्दल काय बोलतात, कोणता मुकादम "भरवशाचा" आणि कोणती टोळी "माजलेली" हे कसं ठरतं, युरोपला माल जायचा असला की बागेतली शिस्त कशी बदलते, बँकेचा हप्ता आणि मजुरांची उचल यात आधी काय भागवलं जातं, हे मला कधीच आतून बघता आलं नाही. आदिवासी मजुरांवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मालकाच्या घराचं वर्णन फार थोड्यांनी केलंय. तुमचा प्रबंध तिथे होऊ शकतो, आणि तो अवघड होईल, कारण ज्यांच्याबद्दल लिहायचं ती तुमची आई, चुलते, शेजारी.

स्वतःच्या समाजाबद्दल लिहिता येतं का, असं पूर्वी विचारलं जायचं. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या चर्चासत्रात एका पंचवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने भारतातल्या जातींवर निबंध वाचला. जातीचं मर्म जातीतल्या जातीत लग्न लावण्याच्या बंधनात आहे आणि ते बंधन टिकवण्यासाठी विधवा आणि मुली यांच्यावर नियम लादले गेले, अशी त्याची मांडणी होती. तो विद्यार्थी म्हणजे भीमराव आंबेडकर. पुढे १९३० साली काळाराम मंदिराच्या दारात त्यांनी सत्याग्रह उभा केला. जात त्यांना आतून माहीत होती, खालच्या बाजूने. त्यामुळे त्यांचा प्रश्नच इतरांपेक्षा वेगळा पडला. तुम्हाला तुमची व्यवस्था वरच्या बाजूने माहीत आहे. त्यातूनही प्रश्न निघतात, फक्त आपण कुठल्या बाजूला आहोत ते पहिल्या पानावर लिहावं लागतं.

आपण कुठे उभे आहोत त्याने काय फरक पडतो याचं दुसरं उदाहरण आपल्या शास्त्रातच आहे. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास १९४८ साली म्हैसूरजवळच्या एका खेड्यात राहिले, ते गावच्या पाटलाच्या बैलांच्या वाड्यात. पाटलाचा पाहुणा आणि त्यात ब्राह्मण, म्हणून गावाने त्यांना एका ठरावीक जागी बसवलं. दलित वस्तीशी आपला संबंध त्यामुळे कमी आला, हे त्यांनी नंतर मोकळेपणाने मान्य केलं. १९७० साली आगीत त्यांच्या तयार नोंदी जळाल्या आणि पुस्तक बरंचसं आठवणीतून लिहावं लागलं, ती गोष्ट सगळे सांगतात. मला बैलांच्या वाड्याची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. तुम्ही कुठे झोपता यावर तुम्हाला काय कळणार ते ठरतं.

मजुरांचाच अभ्यास करायचा, असं वाचूनही ठाम असाल, तर वाट आहे. तुमच्या तालुक्याशी संबंध नसलेला पाडा निवडा, पावसाळ्यात तिथे राहा, भातलावणीच्या दिवसांत. तिथे ते यजमान आणि तुम्ही पाहुणे, तुम्हाला चिखलात रोप धरता येत नाही हे सगळ्यांना दिसतं, आणि बोलणं वेगळं होतं. आडनाव आणि गाव मात्र कुणी विचारलं तर खरं सांगा. "बागाइतदाराचा पोरगा" हे कळल्यावर काही दारं बंद होतील, तीही नोंद करा.

माझ्या पहिल्या वर्षातली एक गोष्ट सांगते. सुरगाणा तालुक्यातल्या एका पाड्यावर मी घरोघरी छापील फॉर्म भरत होते. दुसरा रकाना, कुटुंबातील एकूण सदस्य. एक बाई जात्यापाशी नागली दळत होती. मी विचारलं, घरात किती माणसं? तिने जातं थांबवलं नाही. म्हणाली, "कोणत्या चुलीची सांगू? इथली का मळ्यातली?" नवरा, थोरला मुलगा, सून दिंडोरीकडे मळ्यावर, त्यांची चूल तिकडे. सासू, ती आणि दोन लहानगी इकडे. मधली मुलगी आश्रमशाळेत, म्हणजे तिसरी चूल. शिमग्याला सगळे एका चुलीवर येणार. जनगणनेची व्याख्या सांगते की एका स्वयंपाकावर जेवतात ते एक कुटुंब. मी रकान्यात ४ लिहिलं आणि पुढच्या घरी गेले.

नंतर एका संस्थेच्या अहवालात याच प्रकारच्या आकड्यांवरून निष्कर्ष निघाला की या पाड्यांवर कुटुंबं लहान होत चालली आहेत आणि पालकांचं मुलांकडे लक्ष नाही. त्यात माझे फॉर्म होते. ती बाई मला उत्तर देत नव्हती, माझा प्रश्न चुकला आहे हे सांगत होती. एम.ए.च्या दोन वर्षांत दुसरं काही नाही शिकलात तरी चालेल, पण समोरच्याचा उलटा प्रश्न ऐकून तिथे थांबायला शिका. ती म्हणाली ते वाक्य शब्दशः माझ्या वहीत होतं, म्हणूनच ते वर्षांनी माझ्या हाती लागलं.

यावरून नोंदींबद्दल. नवखी मुलं लिहितात, "महिला मजूर समाधानी वाटल्या." ही नोंद निरुपयोगी आहे, कारण ती तुमच्या मनाची आहे. लिहायचं असतं ते असं: "सकाळी साडेसात. थिनिंग (घडातले मणी विरळ करणं). नऊ जणी, त्यातल्या दोन शाळेच्या वयाच्या. पाण्याचा हंडा बागेच्या पश्चिम टोकाला, कामाची ओळ पूर्वेकडे. साडेनऊपर्यंत कुणी पाण्याला गेलं नाही. मालक मोटारसायकलवर आले तेव्हा गाणं थांबलं. ते गेल्यावर दुसरं गाणं सुरू झालं, पहिलं नाही." यात मत एकही नाही, पण पुढे सहा महिन्यांनी हीच नोंद बोलू लागते. रात्री झोपायच्या आत लिहा. दुसऱ्या दिवशी सकाळी निम्मं गेलेलं असतं आणि उरलेलं गोड झालेलं असतं.

इथे तुमची ॲग्रीची पदवी कामाला येते. थिनिंगच्या वेळी हात किती भरभर चालावा लागतो, छाटणीनंतर काडीला पेस्ट लावताना हाताची कातडी का सोलते, गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, आठवडाभर लांबली तर टोळीचं पुढचं सगळं वेळापत्रक कसं कोलमडतं, हे मला विचारून विचारून शिकावं लागलं. तुम्हाला ते माहीत आहे. कामाचं तांत्रिक ज्ञान असलेला मानवशास्त्राचा विद्यार्थी मिळणं दुर्मीळ. धोका एवढाच की जे माहीत आहे ते लिहायचं राहून जातं. म्हणून कधी बाग पाहिली नाही अशा माणसासाठी लिहिताय असं धरून चला.

विषय लहान ठेवा, हेही सांगून ठेवते. दरवर्षी कुणीतरी "आदिवासींचे स्थलांतर" किंवा आता २०२७ च्या तोंडावर "नाशिकचा सिंहस्थ" असा विषय घेऊन येतं. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात प्रत्यक्ष क्षेत्रकार्याला मोजके आठवडे मिळतात. त्यात एक मुकादम आणि त्याचा शब्द, एका वस्तीवरच्या बागायतदारांच्या हिशोबाच्या वह्या, किंवा पेठ नाक्यावर सकाळी मजूर ठरवतानाची घासाघीस, एवढं नीट झालं तर खूप झालं.

आता वडिलांचा प्रश्न. "मानवशास्त्रज्ञ पाहिजे" अशा जाहिराती फार नसतात, हे त्यांना सरळ सांगा. शिकवायचं असेल तर नेट किंवा सेट ही प्राध्यापकीची पात्रता परीक्षा आणि पुढे पीएच.डी., त्याला वेळ लागतो आणि कायमच्या जागा कमी निघतात. भारतीय मानवशास्त्र सर्वेक्षण, पुण्याची आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था इथे या विषयाला थेट स्थान आहे. राज्याचं आदिवासी विकास आयुक्तालय आपल्या नाशकातच आहे, आणि त्याच्या योजनांचं मूल्यमापन, आरोग्य, शेती, पाणी या क्षेत्रांतल्या संस्थांची कामं यात आमच्यासारखी माणसं लागतात. ती बहुतेक कंत्राटी, प्रकल्पाच्या मुदतीची. मी असाच संसार केला, पण काही वर्षं घरात दुसरा पगार होता म्हणून निभावलं. तुमच्याकडे बाग आहे, हा आधार मोठा आहे आणि तो मोजायला हरकत नाही. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत मानवशास्त्र ५०० गुणांचा वैकल्पिक विषय आहे. मनात तेच असेल तर मात्र एम.ए.ची दोन वर्षं घालू नका, तो अभ्यास एम.ए.शिवाय होतो.

अर्ज भरण्याआधी एक काम करा. वडिलांना तासभर मागा. पहिली टोळी त्यांच्याकडे कशी आली, कुणी आणली, पहिली उचल किती दिली आणि ती बुडाली की फिटली, एवढंच विचारा आणि मध्ये बोलू नका. त्यांच्या परवानगीने रेकॉर्ड करा. मग ते शब्दशः उतरवून काढा, त्यांच्या "अं" आणि थांबण्यासकट. तासाभराच्या बोलण्याला पाच-सहा तास लागतील. उतरवताना एखादं वाक्य असं येईल, की ते तुम्ही आजवर शंभरदा ऐकलंय आणि आज पहिल्यांदा ऐकताय. ते वाक्य इथे लिहून कळवा, विषयाचं पुढचं आपण त्यावरून बोलू.